तीन मिनिटांत मन मोकळं

सप्टेंबर 2008मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. त्याच महिन्यात लेक्सस या मोटारकंपनीच्या पैशावर चालणाऱ्या एका संकेतस्थळावर ‘वेब थेरपी’ नावाची विनोदी मालिका सुरू झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मालिकेची नायिका फिओना वॉलिस ही पैशापाण्याच्या धंद्यातून बाहेर पडून मानसोपचाराच्या धंद्यात शिरलेली बाई, त्यामुळे मुहूर्त मात्र नेमका साधला गेला.

या बाईंनी एक शोध लावलेला असतो. लोक पन्नास मिनिटांच्या सेशनला येतात आणि स्वप्नं, भावना, लहानपणच्या आठवणी असलं काहीबाही बोलत बसतात. त्यात कुणाचाच फायदा नाही. तेव्हा समोरासमोर बसणं बंद, वेबकॅमवर भेटायचं आणि तीन मिनिटांत काय ते उरकायचं. ही पद्धत तिला जगभर विकायची आहे, त्यासाठी भांडवल हवं आहे, आणि रुग्ण हे त्या भांडवलाकडे जाणाऱ्या वाटेवरचे नमुने आहेत.

आमच्या नगरला त्या वर्षी इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे. प्लायवूडच्या पार्टिशनचे खुराडेवजा कप्पे, तासावर पैसे, मॉनिटरच्या डोक्यावर लोंबकळणारा वेबकॅम. परदेशी गेलेल्या पोराशी बोलायला आईवडील नीट कपडे करून यायचे, एकाच हेडफोनला दोघं कान लावायचे, आणि चित्र थिजलं की आवाज वाढवायचे. शेजारच्या कप्प्यातला परीक्षेचा निकाल बघायला आलेला पोरगा सगळं ऐकत असायचा. अशा ठिकाणी बसून कुणी आपल्या मनाचं दुखणं सांगावं, ही कल्पनाच हसू आणणारी होती. अमेरिकेतही ती तेव्हा हास्यास्पदच होती. नाहीतर त्यावर विनोदी मालिका कशाला निघाली असती?

फिओनाचं काम करणारी लिसा कुड्रो म्हणजे ‘फ्रेंड्स’मधली फीबी. तिच्याबद्दलची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिचे वडील ली कुड्रो डोकेदुखीचे नावाजलेले तज्ज्ञ डॉक्टर. ती स्वतः जीवशास्त्राची पदवीधर, आणि अभिनयात जम बसेपर्यंत काही वर्षं वडिलांच्या संशोधनात हाताखाली काम करत होती. डॉक्टरासमोर बसलेला माणूस कसा बोलतो, कुठे अडतो, डॉक्टर घड्याळाकडे कधी बघतो, हे तिने घरातच पाहिलं असणार. डॉन रूस आणि डॅन बुकाटिन्स्की यांच्याबरोबर तिने ही मालिका उभी केली. संवाद लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा ठरवायचा आणि बाकी समोरच्याच्या तोंडून जे येईल त्यावर खेळायचं. संगमनेरच्या बाजूला ज्यांनी कांताबाई सातारकरांच्या फडाचा वग पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सोंगाड्याचं अर्धं यश हजरजबाबीपणात असतं आणि उरलेलं अर्धं समोरच्याला किती बोलू द्यायचं या हिशोबात. फिओना दुसऱ्या अर्ध्यात पक्की आहे: ती कुणालाच बोलू देत नाही.

रुग्ण सांगायला लागतो. तिसऱ्या वाक्याला ती मान हलवते. समजलं म्हणून नाही, ‘पुरे’ म्हणून. मग त्याच्या दुःखातला एखादा शब्द उचलून ती स्वतःकडे वळते. आईने आपल्याला कधी किंमत दिली नाही, नवऱ्याचं राजकारण, आपलं पुस्तक. बोलताबोलता एखादं अत्यंत क्रूर वाक्य ती इतक्या मऊ आवाजात टाकते की समोरचा आधी आभार मानतो आणि मग चेहरा पाडतो. हा उलटा क्रम पडद्याच्या छोट्या चौकटीत फार जवळून दिसतो, कारण तिथे चेहऱ्याशिवाय बघायला दुसरं काही नसतंच. मेरिल स्ट्रीपने तिच्याकडे एक पाहुणी भूमिका केली: फिओनाच्या नवऱ्याची समलैंगिकता ‘बरी’ करायला निघालेल्या बाईची. असल्या ‘उपचारां’ची शोभा करायला स्ट्रीपला आवाज चढवावा लागला नाही. ती प्रेमळपणे बोलत राहिली, आणि काटा आला.

जुलै 2011पासून शोटाइम वाहिनीने हे तुकडे जोडून अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग केले. चार मोसम झाले आणि 2015मध्ये दुकान बंद. माझ्या मते अर्ध्या तासात मूळची धार गेली. तीन मिनिटांच्या थेरपीवरची मालिका तीन-पाच मिनिटांचीच असावी. जोडकाम केल्यावर नवरा, आई, निवडणूक ही कथानकं पुढे आली आणि रुग्ण मागे पडले.

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? मराठी विनोदाला वेड नवं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘वेड्यांचा दवाखाना’ हे नाटुकलं हमखास ठरलेलं. एक जण स्वतःला शिवाजी महाराज समजतो, एक जण बल्ब, आणि पांढरा कोट घातलेला डॉक्टर शेवटी तोही त्यातलाच निघतो. घरात कुणी विसरभोळेपणा केला की मुंबईकडे ठाण्याचं नाव निघतं, आमच्याकडे येरवड्याचं. म्हणजे हसायचं ते रुग्णाला. डॉक्टरला हसलं तरी तो वेडा निघाला म्हणून, आपलं काम वाईट करतो म्हणून कधी नाही. पु. ल. देशपांडे यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला 1986मध्ये सुरुवातीचं पाठबळ दिलं. पण ‘व्यक्ती आणि वल्ली’च्या गोतावळ्यात मनाचा डॉक्टर नाही. 1962 साली ते पुस्तक आलं तेव्हा तो मध्यमवर्गाच्या ओळखीचाच नव्हता, त्याला ते तरी काय करणार!

गंभीर बाजूला मात्र मराठीने मोठं काम केलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ 2004मध्ये आला आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता अशा घरांत पोचला. पुढे विस्मरणावरचा ‘अस्तु’, आणि नैराश्यावरचा ‘कासव’, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं. ‘अस्तु’ आणि ‘कासव’मध्ये मोहन आगाशे होते, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990पासून उभी होती, आणि ते नाटककारही. म्हणजे खरा मनोविकारतज्ज्ञ आपल्या पडद्यावर आणि रंगमंचावर होता, पण विनोदाच्या हाती कुणी तो दिला नाही.

याचं कारण मला नगर जिल्ह्यात राहून थोडंफार कळतं. क्षेत्रफळाने राज्यातला हा सगळ्यात मोठा जिल्हा. चौदा तालुके, 2011च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर माणसं. राज्य सरकारची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. अकोले तालुक्यातल्या राजूरहून किंवा जामखेडहून माणसाला दाखवायला न्यायचं तर आधी देवऋषी, मग मढीचं देवस्थान, मग तालुक्याचा डॉक्टर, आणि मग कुणी धीर केला तर पुणं. जिथे पहिला रुग्ण दारापर्यंत आणायलाच एवढा आटापिटा करावा लागतो, तिथे डॉक्टरची टिंगल करायला हात आखडणारच. शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं ‘माउली’ आहे. रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण बायकांना त्यांनी घर दिलं. त्या बाईला आधी आंघोळ घालायची, केसांतली जट कापायची, जखमा धुवायच्या, आणि तिचं नाव कळायला महिने थांबायचं. तीन मिनिटांची गंमत तिथे सांगून बघा!

आणि जामखेडलाच 1970पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे उंबऱ्यावर बसून ऐकणं. फिओना सगळ्या जगात जे विकायला निघाली होती, त्याच्या बरोबर उलट.

2014च्या ऑगस्टमध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं. त्यात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचत. प्रेक्षक तासभर हसून झाल्यावर त्या पत्राला रडायचे. विनोदी कार्यक्रमातच मन मोकळं करायची ही सोय निघाली होती, आणि तीही साधारण तीन-चार मिनिटांचीच. सूत्रसंचालक निलेश साबळे आयुर्वेदाचे डॉक्टर, ही आणखी एक गंमत.

मग 2016च्या शेवटी शाहरुख खान ‘डिअर जिंदगी’त गोव्याच्या किनाऱ्यावर थेरपिस्ट होऊन आला. त्याच वर्षी जिओ आलं आणि सायबर कॅफेचे कप्पे झेरॉक्सच्या दुकानात बदलले. तरी पडदा हे थेरपीचं ठिकाण झालं ते टाळेबंदीत. 25 मार्च 2020ला केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली काढली. कुणाशीही काहीही बोलून चालत नाही: डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा, रुग्ण कोण ते नीट विचारून घ्यायचं, काही औषधं पहिल्या भेटीत नुसत्या फोनवर लिहून द्यायची नाहीत, व्हिडिओ हवाच, आणि काही तर अजिबात नाहीत. फिओनाला हा कागद दाखवला असता तर तिने तो पहिल्या परिच्छेदातच बाजूला ठेवला असता.

त्या दिवसांत नगरमध्येही लोक गच्चीवर, जिन्यात, उभ्या गाडीत बसून समुपदेशकांशी बोलू लागले. घर भरलेलं, त्यामुळे एकांत म्हणजे गाडीच. संध्याकाळी तेच लोक ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लावून बसायचे. दोन्ही औषधं सोबतच चालू होती म्हणा ना.

10 ऑक्टोबर 2022ला ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा सुरू झाली, 14416 हा क्रमांक, मराठीतूनही बोलता येतं. ‘टाटा समाजविज्ञान संस्थे’ची ‘आयकॉल’ तर 2012पासून फोन घेते आहे. 2008मध्ये ज्यावर हसू आलं ती मांडणी, म्हणजे दूर बसलेल्या अनोळखी माणसाला फोनवर मनातलं सांगणं, आता श्रीगोंद्यात कुणाला विचित्र वाटत नाही. ‘वेब थेरपी’ आज पुन्हा बघायला बसलं की पडद्याच्या गमती शिळ्या वाटतात: आवाज तुटणं, कॅमेरा वाकडा असणं. फिओना मात्र ताजीच आहे. उलट तिची पैदास वाढली आहे.

कारण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण ‘लाइफ कोच’, ‘माइंड हीलर’ अशी पाटी लावायला इतकी वर्षं फारसं काही लागलेलं नाही. रील उघडली की कुणीतरी गाडीत बसून तुमचं लहानपण तीस सेकंदांत बरं करून देतो. आईवडिलांनी तुमचं काय चुकवलं ते सांगतो, मग स्वतःची गोष्ट सांगतो, मग कोर्सची फी. तीन मिनिटं त्यालाही जास्त वाटतील. खऱ्या डॉक्टरची टिंगल करायला संकोच वाटत असेल तर तो मी समजू शकतो. या मंडळींच्या बाबतीत संकोच कशाला?

म्हणून मराठी फिओना आता यायला हवी, आणि ती एकांकिकेतून यावी असं मला वाटतं. महाकरंडक एकांकिका स्पर्धेसाठी राज्यभरातले संघ नगरला येतात. दोन खुर्च्या, दोन चौकटी आणि मधे गेलेलं नेट एवढ्यावर काम भागेल. भूमिकेला एकेकाळी नाव एकच सुचलं असतं: नगरचे सदाशिव अमरापूरकर. ‘सडक’मध्ये थरकाप उडवणारा आणि ‘आँखें’मध्ये हसवणारा हा माणूस, मऊ आवाजात माणूस कापायचं काम त्याला चांगलं जमलं असतं. 3 नोव्हेंबर 2014ला ते गेले, तेव्हा तिकडे ‘वेब थेरपी’चा शेवटचा मोसम सुरू होता. आज विचाराल तर मी ‘हास्यजत्रे’तल्या नम्रता संभेरावचं नाव घेईन. फक्त तिला कुणी विनोदी आवाज काढायला सांगू नये. साडी चापूनचोपून नेसवावी, चष्मा द्यावा, आणि समोर बोलायला उतावीळ झालेला एक भाबडा पोरगा बसवावा.