०.३७५ म्हणजे किती?

वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.३७५ किलो दिसलं. दशांशचिन्हापुढे तीन अंक, म्हणून छेदात एकावर तीन शून्यं: ३७५/१०००. आता अंश-छेदाला पाचाने भागत चला: ७५/२००, १५/४०, ३/८. मसावि १२५ आधीच सुचला तर एका फटक्यात काम होतं, पण पाचाचा पाढा सगळ्यांनाच येतो. इथे ३ किंवा ७ ने भागून पाहणं फुकट. १०, १००, १००० यांचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच.

०.२७२७२७… असं न संपणारं प्रकरण वेगळं. त्याला १०० ने गुणा, २७.२७२७… येतील. त्यातून मूळ संख्या वजा केली की शेपूट गळतं. संख्येची ९९ पट २७, म्हणजे संख्या २७/९९. नवाने भागा: ३/११.