केसाएवढ्या यंत्रांमागचे यंत्रशास्त्र

खांदेश्वर स्थानकात लोकलची वाट पाहणारा प्रवासी हातातील मोबाइल आडवा करतो आणि पडद्यावरील चित्रही आडवे होते. फोनच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन कलला की भार किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर बदलते आणि त्यावरून विजेच्या भाषेत दिशा कळते. हालचाल टिपणारा तो सेन्सर. विजेच्या इशाऱ्यावर हालचाल घडविणारा तो अ‍ॅक्च्युएटर. मोटारीतील एअरबॅगला धडकेची वर्दी सेन्सर देतो, तर प्रोजेक्टरमधील लाखो चिमुकले आरसे अ‍ॅक्च्युएटर हलवितात.

चिप म्हटली की विषय इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि यंत्र अभियांत्रिकी म्हणजे लेथ व बॉयलर, असा सर्वसाधारण समज असतो. प्रवेशाच्या हंगामात पनवेल-खांदेश्वर परिसरातील अनेक घरांत शाखेची निवडही याच समजातून होते. पवईच्या आयआयटीतील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक डॉ. प्रसन्न गांधी यांची संशोधनाची वाटचाल मात्र वेगळेच सांगते.

गांधी यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून पीएच.डी. मिळविली. त्यांचा विषय होता 'हार्मोनिक ड्राइव्ह', अर्थात यंत्रमानवाच्या सांध्यांत वापरली जाणारी दात्यांची रचना. तिच्यात खेळ जवळजवळ नसतो. पण घर्षण आणि लवचिकता यांमुळे अचूकतेला बाधा येते. या दोषांचे गणित मांडून त्यांवर नियंत्रण मिळविणे, हा त्या संशोधनाचा गाभा होता. पुढे आयआयटीतील सुमन मश्रूवाला सूक्ष्म अभियांत्रिकी प्रयोगशाळेत हाच अचूकतेचा ध्यास मायक्रॉनच्या मापात उतरला. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

या मापात निसर्गाचे हिशेब बदलतात. एखादी वस्तू लांबी-रुंदी-उंचीने हजारपट लहान केली, तर तिचा पृष्ठभाग दहा लाख पटींनी घटतो. वजन मात्र शंभर कोटी पटींनी. साहजिकच वजनापेक्षा पृष्ठभागावरील बले वरचढ ठरतात. ओलाव्याने दोन पट्ट्या कायमच्या चिकटू शकतात. उलट, मोठ्या यंत्रात नगण्य असणारे स्थिर विजेचे आकर्षण येथे भाग हलविण्यास पुरेसे ठरते. मोठ्या यंत्राचा आराखडा केवळ लहान करून भागत नाही, ते यामुळेच.

दुसरा प्रश्न घडणीचा. सिलिकॉनच्या चिपसाठी धूळमुक्त दालने आणि महागडी यंत्रसामग्री लागते. त्याला पूरक मार्ग म्हणून या प्रयोगशाळेने प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव रेझिनवर काम केले. लेसरचा किरण जेथे पडतो तेथे रेझिन घट्ट होते. किरणाची तीव्रता कमी-जास्त केल्यास घट्ट होणाऱ्या भागाची खोलीही बदलते आणि एकाच थरात उंच-सखल आकार साकारतो. किरण अचूक फिरविण्यासाठी बेअरिंगऐवजी वाकणाऱ्या पातळ पट्ट्यांची रचना वापरण्यात आली. तीत घासणारे भागच नसल्याने घर्षण नाही आणि खेळही नाही.

त्याहून विलक्षण प्रयोग दोन काचांचा. काचांमध्ये द्रव दाबून वरची काच उचलली की हवा आत घुसते आणि पानाच्या शिरांसारखी शाखांची नक्षी उमटते. ती एरवी स्वैर असते. काचेला ठरावीक जागी छिद्रे ठेवून तिला हवे ते वळण देता येते, असे गांधी व त्यांच्या सहकाऱ्याने २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्‌स' या नियतकालिकात दाखविले. ही नक्षी घट्ट करून द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे बनविता येते.

बले, घर्षण, लवचिकता, द्रवाचा प्रवाह हे सारे यंत्र अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील पाठ. चिपमधील भाग हलू लागला की त्याच पाठांची गरज भासते. 'मेकॅनिकल घेऊन पुढे काय?' या घरोघरच्या प्रश्नाचे एक उत्तर त्या प्रवाशाच्या मुठीतच आहे.