लोकरीसारखे केस, उसवलेलं हृदय

हृदयाचा आजार केसांवरून ओळखू येतो म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. पण ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावर डॉ. निकोस प्रोटोनोटारिओस आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली हेच नोंदवलं. काही घरांतल्या मुलांचे केस जन्मापासून लोकरीसारखे. हातापायांचा वापर सुरू झाला की तळहात-तळपायांची कातडी जाड. आणि वयात येता येता हृदयाचे ठोके बेताल!

हे तिन्ही एकत्र कसे? कारण डेस्मोसोम. शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून ठेवणारे हे प्रथिनांचे सूक्ष्म टाके. कातडी दिवसभर घासली जाते, हृदय दिवसाला लाखभर वेळा आकसतं. त्यामुळे टाक्यांची खरी कसोटी इथेच. ते उसवले की हृदयाच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात, विजेचा प्रवाह वाट चुकतो. उजव्या कप्प्याची भिंत मुळात पातळ, म्हणून बहुतेकदा पहिला फटका तिला.

नॅक्सॉसचा गुन्हेगार २००० साली सापडला : या टाक्यांतलंच एक प्रथिन, प्लाकोग्लोबिन. त्याच्या जनुकातली जेमतेम दोन अक्षरं गळालेली!

इक्वेडोरमध्ये असाच आजार टिपला तो चक्क त्वचारोगतज्ज्ञाने, लुईस कार्वाहाल यांनी. तिथे बिघाड टाक्यांतल्या दुसऱ्या प्रथिनात, डेस्मोप्लाकिनमध्ये, आणि मार जास्त डाव्या कप्प्याला.

या टाक्यांची प्रथिनं अभ्यासायला शास्त्रज्ञांनी काय वापरलं असेल? गाईचं नाकाड! तिथल्या कातडीत डेस्मोसोम खच्चून भरलेले. प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर, बॉक्सर जातीच्या कुत्र्यांनाही जवळपास हाच हृदयरोग होतो.

पंचाईत अशी की एरवी या हृदयरोगाच्या ज्या रुग्णांत जनुकीय दोष सापडतो, त्यांतल्या बहुतेकांत तो टाक्यांतल्याच प्लाकोफिलिन-२ या प्रथिनाच्या जनुकात असतो. तो आई किंवा बाबा, एकाकडूनच आला तरी पुरतो. केस, कातडी अगदी ठणठणीत. म्हणजे इशारा काहीच नाही. काहींना जन्मभर त्रास होत नाही, तर काहींचं पहिलं लक्षण थेट मैदानावरचा मृत्यू. जोरकस व्यायामाने हा आजार बळावतो. इटलीत स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची ईसीजीसह तपासणी १९८२पासून सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेतो भागात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. सक्ती नेहमीच वाईट नसते म्हणायची!

घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, धावताना कुणाची शुद्ध हरपली असेल, तर बाकी भावंडांचाही ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. एकदा नॉर्मल आला म्हणून फाईल बंद करू नका. हा आजार उशिराही डोकं वर काढतो.