शून्य रुपयांचे तिकीट

पांढुर्णा-सौंसर भागात असे घर विरळाच, की ज्याची सोयरीक नागपूर, काटोल, वरुड किंवा सावनेर येथे नाही. लग्नकार्याला, दुखण्याखुपण्याला घरातील वडीलधाऱ्यांना राज्याची सीमा ओलांडावीच लागते. तेव्हा त्यांच्या तिकिटाचा प्रश्न आमच्या वाचकांस परका वाटणार नाही.

महाराष्ट्र शासनाने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या आपल्या नागरिकांस एस. टी. चा प्रवास निःशुल्क केला. ६५ ते ७५ वर्षे वयाच्यांस निम्मे भाडे पडते. वाहक वयाचा पुरावा पाहतो आणि रीतसर तिकीट देतो. त्यावर रक्कम तेवढी शून्य असते. पैसेच घ्यावयाचे नाहीत तर तिकीट कशाला, असे कोणी विचारील. या तिकिटांवरूनच वृद्धांच्या प्रवासाचा हिशेब होतो, आणि तेवढी रक्कम शासनाने महामंडळास भरून द्यावयाची असते. म्हणजे प्रवास फुकट नव्हेच. भाडे दुसरा कोणी देतो. जो देतो त्याची हद्द जेथे संपते, तेथे सवलतही संपते. नागपूरची आजी सौंसरला माहेरी निघाली, तर सीमेपर्यंत तिला काही पडत नाही. पुढचे पैसे मात्र कनवटीचे सोडावे लागतात.

आमच्या बाजूस काय आहे? मध्य प्रदेशाचे परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला. पुढे वाहतूक खाजगी गाड्यांच्या हाती गेली. सरकारची गाडीच नाही, तेथे पास कोणत्या गाडीचा द्यावा? नवी सार्वजनिक बससेवा उभारण्याची योजना शासनाने २०२५ साली मंजूर केली, एवढे खरे. रेल्वेत वृद्ध पुरुषांस ४० आणि स्त्रियांस ५० टक्के सूट मिळत असे. ती मार्च २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, थांबविण्यात आली. याच राज्याने २०१२ साली वृद्धांसाठी मोफत तीर्थदर्शनाच्या रेल्वेगाड्या सुरू केल्या, हे कौतुकास्पदच. परंतु रामेश्वर आयुष्यात एकदा. नागपूरचा दवाखाना महिन्याला एकदा!

आज पंच्याहत्तरी ओलांडलेले आमचे आजोबा जन्मले, तेव्हा सौंसर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि राजधानीही नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यातून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निघाला, सौंसर त्यात आले. सोयरीक मात्र होती तेथेच राहिली.

अशा पेचाला उपायच नाही, असे समजू नये. आयर्लंडच्या बेटावर तर सीमा दोन राष्ट्रांमधील आहे. तेथील प्रजासत्ताकाने १९६७ साली वृद्धांस मोफत प्रवास दिला, आणि २००७ साली दोन्ही बाजूंनी मिळून एकमेकांच्या हद्दीतही वृद्धांचा प्रवास निःशुल्क केला. डब्लिनची आजी तेव्हापासून एकही नाणे न मोजता बेलफास्टच्या लेकीकडे जाऊ शकते.