दहावीत आणि दहावीनंतर सामाजिक शास्त्रे कुठे भेटतात?

राज्य मंडळाच्या दहावीत सामाजिक शास्त्रांना 100 गुण: इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40, अंतर्गत मूल्यमापन 20. 2018 पासूनच्या भूगोलाच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील मांडला आहे. हवामान, लोकसंख्या, वाहतूक, सारे तुलनेतून. पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा! हे पुस्तक पाठांतरात वाया घालवू नये. इतिहासातही सनावळीपेक्षा प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन यांना जागा आहे.

अकरावीला कला शाखेत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषय निवडता येतात. मात्र प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात सगळे विषय शिकवत नाहीत. प्रवेशाआधी विषयांची यादी मागून घ्या, विशेषतः मानसशास्त्र हवे असेल तर.