बदली वैमानिक

मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं 1935 साली बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्डं मिळायची. कार्डवाल्यानं रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला, की त्याच्या जागी हा. त्याआधी ही नेमणूक जॉबरच्या, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाच्या, हातात असायची आणि जॉबरचे हात ओले करावे लागायचे. लोअर परळच्या ज्या गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि काचेची ऑफिसं उभी आहेत, त्यांच्या दारातही हा रोजचा हिशेब चालायचा. साचे, म्हणजे माग, किती, हे कायमचं ठाऊक असतं. माणसं किती, हे रोज सकाळी नव्यानं मोजावं लागतं.

हा हिशेब मला नीट कळला तो डिलाईल रोडच्या घरात लॅपटॉपसमोर बसून प्रशांत महासागरावर विमानं पाठवताना.

एक चाल, एक दिवस

'वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन' हा दुसऱ्या महायुद्धावरचा, 2009 साली आलेला संगणकावरचा युद्धखेळ. गॅरी ग्रिग्सबी या अमेरिकी रचनाकाराच्या 2004 सालच्या खेळाची ही वाढवलेली आवृत्ती. नकाशा षटकोनी घरांचा, एक घर 40 सागरी मैलांचं. मुंबई ते पुणे दोन घरंसुद्धा भरत नाहीत. एक चाल म्हणजे एक दिवस. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यापासून जपानच्या शरणागतीपर्यंत 1300 हून जास्त चाली होतात. दोन खेळाडू एकमेकांना ईमेलनं चाल पाठवतात. रोज एक चाल झाली तरी खेळ खऱ्या युद्धाइतकीच वर्षं चालतो.

इथे कॉकपिट नाही, जॉयस्टिक नाही. म्हटलं तर तुम्ही सेनापती, खरं तर टाइमकीपर. शेकडो स्क्वाड्रन तुमच्या ताब्यात असतात. प्रत्येकीला सांगायचं : काम कोणतं, उंची किती, किती लांब जायचं, किती टक्के विमानं गस्तीवर आणि किती विश्रांतीला. प्रत्येक वैमानिकाला नाव आहे, अनुभवाचा आकडा आहे, थकव्याचा आकडा आहे. जहाजावर बॉम्ब टाकण्यात तरबेज असलेला माणूस हवेतल्या झटापटीत कच्चा असू शकतो. विमानाच्या जातीप्रमाणे दुरुस्तीला कमी-जास्त दिवस लागतात. विमानतळावर विमानांच्या मानानं देखभालीची माणसं कमी पडली, की धडधाकट विमानंही धावपट्टीच्या कडेला पडून राहतात.

पहिल्या खेळात मी जपान घेतला. राबाउलच्या तळावरून बॉम्बफेकी विमानं रोज सोलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवर पाठवली. हे अंतर सुमारे 1000 किलोमीटर. तेवढं उडून जायचं, लढायचं आणि तेवढंच परत यायचं. नवव्या दिवशी स्क्रीनवर स्क्वाड्रनच्या नावापुढे 27 विमानं दिसत होती आणि उडाली 11. बाकीची दुरुस्तीत होती, नाहीतर त्यांचे वैमानिक आडवे झाले होते. मी साचे मोजत होतो, माणसं मोजलीच नव्हती.

अ, ब, क

खऱ्या युद्धातही घोडं इथेच पेंड खातं. 1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधले विमानांचे कारखाने जोरात होते. तुटवडा होता तो तयार वैमानिकांचा. लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी सप्टेंबरमध्ये स्क्वाड्रनचे तीन वर्ग केले. 'अ' वर्ग आघाडीवर, पूर्ण ताकदीचा. 'ब' वर्ग त्याच्या मदतीला आणि बदलीला. 'क' वर्गात पाच-सहा मुरलेले वैमानिक ठेवायचे आणि त्यांनी नवशिक्यांना तयार करून 'अ' वर्गाला पुरवायचं. गिरणीच्या दारात कार्ड घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागली नसती.

जपाननं असे बदली पुरेसे तयारच केले नाहीत. अमेरिकेनं अनुभवी वैमानिक परत बोलावून त्यांना शिक्षक केलं. जपाननं त्यांना बहुधा मरेपर्यंत आघाडीवरच ठेवलं. जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, तरी विमानांतली माणसं दगावली ती सुमारे 110. खरी झीज पुढे सोलोमन बेटांवर, रोजच्या त्या फेऱ्यांत झाली. जून 1944 ची फिलिपिन्स समुद्रातली लढाई आली तेव्हा जपानकडे नौका होत्या, विमानं होती आणि त्यांत बसलेली बरीचशी पोरं जेमतेम शिकलेली होती.

घड्याळाचे तीन रंग

एवढा पसारा डोक्यात राहत नाही, म्हणून खेळाडू स्वतःची साधनं बनवतात. सुरुवात बहुधा एक्सेलपासून होते. पुढे कुणीतरी प्रोग्रॅम लिहितं. या खेळासाठी खेळाडूंनीच बनवलेला एक 'ट्रॅकर' आहे. तो सेव्ह केलेली फाइल वाचतो आणि विमानं, वैमानिक, जहाजं, कारखाने यांचे तक्ते काढून देतो. आजची फाइल कालच्या फाइलशी ताडून पाहिली, की काय बदललं ते समोर येतं. नियम एकच : स्वतःची वही नीट लावून देणारं साधन चालेल, समोरच्याचं झाकलेलं उघडं करणारं नाही.

माझ्या पहिल्या एक्सेलमध्ये 40 रकाने होते. सगळी माहिती होती आणि त्यातून निर्णय एकही निघत नव्हता. रोजची चाल पाऊण तासावरून दोन तासांवर गेली. घरातून "ऑफिसचं काम घरी आणलंस का?" अशी विचारणा झाली. खोटं नव्हतं.

वाट सापडली ती लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिजमध्ये, जमिनीखालच्या खोलीत. 1940 साली इथून ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाच्या 11 नंबरच्या ग्रुपच्या स्क्वाड्रन हलायच्या. भिंतीवर प्रत्येक स्क्वाड्रनच्या नावाखाली दिवे : सुटीवर, तयारीत, हवेत, शत्रू दिसला, उतरून इंधन भरतेय. आणि एक घड्याळ. त्याच्या तबकडीवर दर पाच मिनिटांचा पट्टा लाल, पिवळा, निळा अशा क्रमानं रंगवलेला. शत्रूची खबर आली, की महिला हवाई दलातल्या मुली त्या वेळी काटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाची सोंगटी नकाशावर ठेवायच्या. काटा निळ्यावर आणि सोंगटी लाल, म्हणजे खबर शिळी. एकही आकडा न वाचता कळायचं.

मग मी 40 रकाने झाकून टाकले. वर तीनच ओळी ठेवल्या : आज कुणाला विसावा द्यायचा, विसाव्यातून कोण परतलं, आणि कुठल्या तळावर देखभालीची माणसं कमी पडताहेत. ज्यांचं ठीक चाललंय त्यांची नावंच दिसत नाहीत. चाल पुन्हा पाऊण तासावर आली.

चौथी ओळ अजून जमत नाहीये. एप्रिल-मे आला, की गिरण्यांत खाडे वाढायचे. शेताची कामं, लग्नं. चाकरमानी गावाला निघायचा. मुरलेल्या मुकादमाला हे मस्टर न उघडता ठाऊक असायचं, आणि तो आधीच बदली माणसांची तजवीज करायचा. माझं साधन आज कोण थकलाय ते सांगतं. आणखी दहा दिवसांनी कोण थकणार, ते नाही. त्यासाठी पल्ला, उंची, रोजच्या फेऱ्या आणि ब्रह्मदेशातला पावसाळा, सगळं एका सूत्रात बसवावं लागेल.

तोवर राबाउलची एक स्क्वाड्रन मी मागे ठेवली आहे. तिचे वैमानिक ताजे आहेत, आघाडीवर त्यांची आज गरज नाही. मस्टरमध्ये त्यांच्यापुढे मी 'बदली' लिहून ठेवलंय.