कुंपणच गेले तर सरड्याने धावायचे कुठे?

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण एखाद्याला हिणवण्यासाठी म्हणतो. पण अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडच्या वाड्यांत हिंडून पाहा, ही म्हण अगदी शब्दशः खरी आहे. निरगुडी, अडुळसा, मोगली एरंडाच्या जित्या कुंपणातच सरडा ऊन खातो, किडे टिपतो आणि चाहूल लागली की आत गडप होतो.

उन्हाळा सरत आला की नराचे डोके नि गळा लालभडक होतो. उंच काटकीवर बसून तो मान खालीवर करतो. मादीला बोलवायचे नि दुसऱ्या नराला हाकलायचे, एवढाच त्याचा हेतू. लाल तोंड पाहून ‘हा रक्त शोषतो’ म्हणत पोरे दगड मारतात. सरडा रक्त पीत नाही, विषारीही नाही. नाकतोडे, भुंगेरे, मुंग्या, अळ्या हे त्याचे खाणे. भाजीच्या मळ्यातला तो बिनपगारी राखणदारच म्हणायचा.

पावसाळ्यात मादी भुसभुशीत ओल्या मातीत खड्डा करून दहा-वीस अंडी घालते, वर माती सारखी करते नि निघून जाते. सहा-सात आठवड्यांनी पिल्ले आपली आपण बाहेर येतात. त्याच दिवसांत कुंपणाचे बूड खरवडले, की सगळे संपले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. अशी वाडी पुन्हा उभी करताना, किंवा फार्महाऊससाठी प्लॉट पाडताना, सिमेंटचे खांब नि तार, नाहीतर चिऱ्याची भिंत घालणे सोपे वाटते. तारेवर सरडा बसेलही, पण लपणार कुठे?

गुरे आवरायला तार लागते, हे खरे. मग तारेला लागून पावसाच्या तोंडी गिरिपुष्पाची खुंटे लावा. ती सहज जगतात आणि छाटलेला पाला भातखाचरात हिरवळीचे खत होतो. ग्रामपंचायतीनेही रस्त्याकडेची कुंपणे सरसकट तोडू नयेत, गावच्या जैवविविधता नोंदवहीत त्यांची नोंद घ्यावी.

नोंदवहीत सरडा लिहायचा म्हटल्यावर कुणी हसेल. पण साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा निळ्या-केशरी गळ्याचा सरडा २०१६ साली जगापुढे आला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या गटाला आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द दिला. शास्त्राने त्याचे नाव राखले, आपण त्याचे कुंपण राखूया.